शिवसागरवरील लाँचसेवा: एकट्याने पायी फिरणाऱ्याच्या दृष्टीने परीक्षण

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारावर आणि तेथून बामणोलीच्या उतारावर आलेल्या पायी प्रवाशाची वाट पाण्यापाशी थांबते. समोर शिवसागर जलाशय पसरलेला असतो, पलीकडे सह्याद्रीची मुख्य धार उभी असते आणि त्या धारेकडे जाणाऱ्या जुन्या पाऊलवाटा पाण्याखाली गेलेल्या असतात. कोयना धरणात १९६० च्या दशकात पाणी अडले, तेव्हा खोऱ्यातील गावांबरोबर त्यांना जोडणाऱ्या वाटाही बुडाल्या. तेव्हापासून या काठावरून त्या काठावर माणसे आणि सामान पोचवण्याचे काम लाँच करते. पाठीवर सामान घेऊन, ठिकठिकाणी मुक्काम करीत, एकट्याने लांबचा पल्ला चालणाऱ्याला ही लाँचसेवा कितपत उपयोगी पडते, याचे हे परीक्षण आहे. सहलीला येणाऱ्या गटांनी तिच्याविषयी पुष्कळ लिहिले आहे. एकट्याच्या गरजा मात्र निराळ्या असतात, आणि त्या गरजांच्या कसोटीवर ही सेवा कोठे उतरते व कोठे उणी पडते, हे सहसा कोणी मांडत नाही.

सेवेचे मोल समजण्यासाठी आधी भूगोल पाहणे आवश्यक आहे. कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि बरेच अंतर उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. तिच्या पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य धार आहे आणि पूर्वेला बामणोली-घेरादातेगड रांग. हेळवाकजवळ नदी पूर्वेला वळते आणि पुढे कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. या वळणाच्या अलीकडे, कोयनानगरजवळ सुमारे १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिल्यामुळे दोन रांगांमधील अरुंद खोरे भरून गेले आणि पन्नास किलोमीटरहून अधिक लांबीचा जलाशय तयार झाला. धरण पूर्ण भरते तेव्हा पाण्याची पातळी २१६३ फुटांवर, म्हणजे सुमारे ६५९ मीटरवर असते. कासचे पठार सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे पठारावरून काठापर्यंत पाचशे मीटरहून अधिक उतरायचे आणि पलीकडच्या धारेवर जायचे असेल तर जवळजवळ तितकेच पुन्हा चढायचे. या दोन्हींच्या मध्ये जे पाणी आहे, त्याला पायी वळसा घालणे नकाशावर सोपे दिसते, परंतु प्रत्यक्षात फार कष्टाचे आहे. सोळशी आणि कांदाटी या नद्या तापोळ्याजवळ कोयनेला मिळतात. त्यांची खोरीही पाण्याने भरलेली असल्यामुळे जलाशयाचे फाटे आत दूरवर शिरलेले आहेत. याशिवाय प्रत्येक ओढ्याच्या मुखाशी लहान फाटा आहेच. काठाकाठाने चालणाऱ्याला दर थोड्या अंतरावर असा फाटा आडवा येतो, आणि तो ओलांडण्यासाठी कारवीच्या दाट रानातून वर चढून पुन्हा खाली उतरावे लागते. म्हणून या मुलखातील लांबच्या पायी प्रवासाचा आराखडा करताना लाँच हा रस्त्याचाच एक टप्पा धरावा लागतो. माझे पुढील सर्व मत याच भूमिकेवर आधारलेले आहे.

जलाशयावर मुख्यतः तीन प्रकारची वाहतूक चालते. बामणोली, तापोळा, शेंबडी, मुनावळे अशा ठिकाणांहून पर्यटकांसाठी बोटी भाड्याने मिळतात. काठावरच्या गावांतील लोकांसाठी प्रवासी लाँच चालते. तापोळ्यासारख्या ठिकाणी मोटारी आणि दुचाकी पलीकडे नेणारा तराफाही आहे. तराफ्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तो संथ आहे, त्यावर पायी माणसालाही जागा मिळते आणि पलीकडच्या रस्त्याला लागायचे असेल तर तो सोयीचा आहे. खरा प्रश्न पहिल्या दोन प्रकारांतून निवड करण्याचा आहे.

भाड्याच्या बोटीची मुख्य अडचण तिच्या भाड्याच्या रचनेत आहे. भाडे संपूर्ण बोटीचे ठरलेले असते आणि ते आठ-दहा जणांच्या गटात वाटले गेले तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारी रक्कम कोणालाही जड वाटू नये इतकी असते. एकट्या माणसाला मात्र तीच संपूर्ण रक्कम एकट्याने द्यावी लागते. बोट चालवणाऱ्यांचा यात दोष नाही, कारण एक माणूस असला काय आणि दहा असले काय, इंधन तितकेच लागते आणि चालकाचा दिवसही तितकाच जातो. परंतु याचा परिणाम असा होतो की, एकट्याने चालणाऱ्याला काठावर एखादा गट येण्याची आणि त्या गटाने आपल्याला सामावून घेण्याची वाट पाहावी लागते. शनिवारी, रविवारी आणि फुलांच्या हंगामात हे जमून जाते. मधल्या वारी, जेव्हा रान शांत असते आणि एकट्याने चालण्याचे खरे सुख मिळते, तेव्हा काठावर दुसरे कोणीच नसते. जागेमागे भाडे घेणारी ठरावीक फेरी, मग ती दिवसातून एकदाच का असेना, सुरू झाली तर एकट्यांची फार मोठी सोय होईल. काही चालक आपण होऊन असा मार्ग काढतातही. पलीकडून गटाला आणण्यासाठी रिकामी बोट जाणार असेल, तर ते एकट्याला कमी पैशांत सोबत नेतात. हे त्यांच्या भलेपणावर अवलंबून आहे, आणि अशी चौकशी करण्यात कोणताही संकोच बाळगू नये.

गावांची प्रवासी लाँच हा याहून सर्वस्वी वेगळा अनुभव आहे, आणि लांब पल्ल्याच्या पायी प्रवाशाने शक्य तेथे तीच धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्या वेळा गावकऱ्यांच्या गरजेवर ठरतात. सकाळी शाळेला जाणारे शिक्षक, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसे, कचेरीच्या कामाला निघालेले शेतकरी तिच्यात बसतात. परतताना धान्याची पोती, गॅसचे सिलिंडर, पत्र्याचे तुकडे, कधी एखादी शेळी, असा गावाचा सगळा बारदाना तिच्यात चढतो. अशा वेळी प्रवाशाने आपली सॅक स्वतः उचलून मांडीवर घ्यावी किंवा लाँचवाले सांगतील तेथे ठेवावी. पोत्यांवर ती टाकणे कोणालाच आवडत नाही. या लाँचमध्ये जी माहिती मिळते ती कोणत्याही नकाशात नाही. पुढच्या गावातील विहिरीला पाणी आहे का, अमुक वाट कारवीने बुजली आहे की गुरांच्या येण्याजाण्याने मोकळी राहिली आहे, खिंडीच्या अलीकडे गव्यांचा कळप दिसला का, हे सगळे त्या तासाभराच्या गप्पांत कळते. एकट्याने चालणाऱ्याला रानातून माणसांत आल्यावर बोलण्याची जी ओढ लागते, तीही तेथे भागते. वेळेबद्दल मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. लाँच तुमच्यासाठी थांबणार नाही आणि तिने थांबावे अशी अपेक्षाही धरू नये. संध्याकाळी काठावरच्या एका गावात पोचल्यावर तेथील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला जे सांगितले ते प्रत्येक पायी प्रवाशाने ऐकण्यासारखे आहे: "पाव्हणं, लाँच पहाटंच निघंल. दिस उगवायची वाट बघत बसू नगा. रातीलाच हितं देवळात येऊन पडा, म्हंजी हाक मारली की उठाल." त्यांचे ऐकले म्हणून पुढचा संपूर्ण दिवस हाती राहिला.

या सेवेतील उणिवांपैकी सर्वांत खटकणारी उणीव वेळापत्रकाची आहे. ज्या धक्क्यांवर मी उतरलो किंवा चढलो, त्यांपैकी एका ठिकाणी फेऱ्यांच्या वेळा लिहिलेला फलक नव्हता, दुसऱ्या ठिकाणी फलक होता परंतु त्यावरील वेळा केव्हाच बदललेल्या होत्या. गावकऱ्यांना फलकाची गरज नसते, कारण त्यांना वेळा पाठ असतात. बाहेरून आलेल्या एकट्या माणसाला मात्र चुकलेली फेरी म्हणजे एका दिवसाचा खोळंबा, एका दिवसाचा अधिक शिधा आणि घरी वाट पाहणाऱ्यांच्या जिवाला घोर, असे सगळे एकदम सोसावे लागते. खोऱ्यातील पुष्कळ ठिकाणी मोबाईलला संपर्क मिळत नाही, त्यामुळे विचारूनही घेता येत नाही. यावर आज एकच उपाय आहे: निघण्याच्या आदल्या दिवशी काठावरच्या दुकानात किंवा हॉटेलात चौकशी करावी आणि तीच चौकशी दुसऱ्या माणसाकडेही करावी. दोघांची उत्तरे जुळली तरच त्यावर बेत बांधावा.

या सेवेत मला जी गोष्ट सर्वांत मोलाची वाटली ती सांगण्यासाठी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. एकट्याने लांब चालण्यातला मोठा धोका चढउतारांत किंवा जनावरांत तितका नसतो. तो यात असतो की, पाय मुरगळला, वाट चुकली किंवा ताप भरला तर आपण कोठे आहोत हे कोणालाही ठाऊक नसते. गटात चालणाऱ्याची गणना आपोआप होते. एकट्याची गणना कोणीतरी मुद्दाम करावी लागते. शिवसागरच्या काठावर ही गणना लाँचवाले करतात. कोणाला सकाळी कोणत्या काठावर सोडले, तो कोणत्या वाटेला लागला, त्याने केव्हा परतण्याचे सांगितले होते आणि तो परतला का, हे त्यांच्या ध्यानात असते. एका चालकाने मला पलीकडे सोडताना माझ्या घरचा दूरध्वनी क्रमांक आपल्या वहीत लिहून घेतला, मी कोणत्या खिंडीतून जाणार ते विचारले आणि पुढच्या गावात कोणाकडे थांबावे हेही सांगितले. त्यानंतर मी दुसऱ्याच धक्क्यावरून दुसऱ्या लाँचमध्ये चढलो, तेव्हा तेथील चालकाने "तुम्हीच का ते एकटे पलीकडून आलेले?" असे विचारले. माझा निरोप माझ्या आधी पाण्यावरून तेथे पोचला होता. मी हिमालयातही चाललो आहे, कोकणकड्याच्या बाजूलाही भटकलो आहे, परंतु एकट्या माणसाची इतकी जाण ठेवणारी व्यवस्था मला अन्यत्र आढळली नाही. ती कोणत्याही नियमाने निर्माण झालेली नाही. बुडालेल्या वाटांच्या मुलखात माणसाने माणसाची खबर ठेवण्याची ही सवय आपसूक रुजलेली आहे. ती आपण जपली पाहिजे, आणि ती जपण्याचा सोपा मार्ग म्हणजे बेत बदलला तर लाँचवाल्यांपर्यंत तो निरोप न चुकता पोचवणे. एखादा प्रवासी दुसऱ्या बाजूने खाली उतरून परस्पर घरी निघून गेला, तर येथे माणसे त्याच्यासाठी रात्री बॅटऱ्या घेऊन रान धुंडाळतात.

कोणत्या वाटांसाठी ही लाँच उपयोगी आहे, याचा आता विचार करू. साताऱ्याहून निघून कासमार्गे बामणोलीला उतरावे, लाँचने तापोळ्याला जावे आणि तेथून घाटाने महाबळेश्वरला चढावे, हा सर्वांत सरळ आराखडा आहे. यात पहिला टप्पा डांबरी रस्त्याचा आहे आणि हंगामात त्यावर मोटारींची गर्दी असते, म्हणून पहाटे लवकर निघणे चांगले. पठारावरील फुले ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतात आणि त्या काळात पठारावर जाण्यासाठी आधी नोंदणी करावी लागते. पश्चिम घाटातील जी ठिकाणे २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आली, त्यांत कासचे पठार आणि कोयना अभयारण्य ही दोन्ही आहेत. म्हणजे या आराखड्यातील चालण्याचा मोठा भाग वारशाच्या क्षेत्रातून किंवा त्याच्या शेजारून जातो.

याहून अधिक रानवट आणि माझ्या मते अधिक समाधान देणारा आराखडा कांदाटी खोऱ्याचा आहे. तापोळ्याहून पाणी ओलांडून उचाट, वाघावळे, वळवण या गावांच्या बाजूला लागले की मुख्य धार जवळ येते. पर्वत नावाच्या ठिकाणचे जोम मल्लिकार्जुनाचे प्राचीन देऊळ आणि चकदेव येथील चौकेश्वराचे स्थान ही दोन्ही धारेवरची देवस्थाने एका सलग प्रवासात पाहता येतात. चकदेवहून शिड्यांची वाट खेड तालुक्यात कोकणात उतरते आणि घाटमाथ्यावरची माणसे शतकानुशतके ज्या वाटांनी कोकणात ये-जा करीत आली, त्यांची जातकुळी तेथे कळते. या आराखड्यात लाँच एकदाच लागते, पण ती एकदा चुकली तर पुढचे सर्व मुक्काम ढासळतात. खोऱ्यातील गावे लहान आहेत, पुष्कळ घरांतील कर्ती माणसे मुंबईला असतात, आणि मागे राहिलेली वृद्ध माणसे आलेल्याला उपाशी झोपू देत नाहीत. या आतिथ्याचा गैरफायदा घेऊ नये. दोन दिवसांचा कोरडा शिधा जवळ ठेवावा, जेवण मिळाले तर त्याचे पैसे आग्रहाने द्यावेत आणि पैसे घेतले नाहीत तर देवळाच्या पेटीत टाकावेत.

वासोटा किल्ल्याविषयी वेगळे सांगणे आवश्यक आहे, कारण लाँचने येणारे बहुसंख्य लोक तेथेच जातात. बामणोलीहून जलाशयातून तासाभराहून अधिक प्रवास करून लाँच मेट इंदवलीच्या काठाला लागते आणि तेथून दाट जंगलातील चढ सुरू होतो. एक फाटा नागेश्वरच्या गुहेकडे जातो, दुसरा व्याघ्रगड नावानेही ओळखल्या जाणाऱ्या किल्ल्याकडे. बाबुकड्यावरून खाली पाहताना जो खोल तुटलेला उतार दिसतो, तो पाहिल्यावर या किल्ल्याचा उपयोग तुरुंगासारखा का केला जात असे हे सहज उमगते. १८१८ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला जिंकला तेव्हा सातारच्या छत्रपती प्रतापसिंहांचे कुटुंबीय येथे अडकवून ठेवलेले होते. हा भाग कोयना अभयारण्यात आणि २०१० मध्ये घोषित झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. त्यामुळे येथे वन विभागाची परवानगी घ्यावी लागते, रानात मुक्काम करता येत नाही, दिवस मावळण्यापूर्वी परतावे लागते आणि पावसाळ्यात हा मार्ग बंद असतो. एकट्याने सलग पुढे चालत जाण्याच्या आराखड्यात वासोटा म्हणूनच बसत नाही. तो काठावरच्या मुक्कामातून केलेला एका दिवसाचा फेरफटका म्हणूनच धरावा. येथे भाड्याच्या बोटीला पर्याय नाही. ज्या गटाबरोबर जाल त्याच्याबरोबरच परतावे लागते, आणि गट मोठा, नवखा व सावकाश चालणारा असला तर किल्ल्यावर फारच थोडा वेळ मिळतो. मला तरीही ही फेरी मोलाची वाटते, कारण इतके घनदाट आणि जुने जंगल सातारा जिल्ह्यात फार थोड्या ठिकाणी उरले आहे. अनुभवी भटक्याने गटातील सर्वांत मागच्या माणसासोबत चालावे, म्हणजे सर्वच वेळेत खाली पोचतात.

पाण्याच्या पातळीचा लाँचसेवेवर होणारा परिणाम बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. धरणाची साठवण क्षमता १०५ टीएमसीच्या आसपास आहे. पावसाळ्याच्या अखेरीस ते भरते आणि त्यानंतर वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला व सिंचनासाठी पूर्वेला पाणी सोडले जात असल्यामुळे उन्हाळ्यापर्यंत पातळी बरीच खाली जाते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात लाँच थेट पायऱ्यांपाशी किंवा गवताच्या काठाला लागते आणि चढणे-उतरणे सोपे असते. मार्चनंतर काठ दूर सरकतो. लाँच जेथे थांबते तेथून गावाच्या वाटेपर्यंत भेगाळलेल्या गाळातून आणि सुट्या दगडांतून चढावे लागते. ओल्या गाळाच्या पट्ट्यात पाय पोटरीपर्यंत रुततो, आणि पाठीवर जड सॅक असलेल्या एकट्या माणसाला तोल सावरणे कठीण जाते. अशा वेळी लाकडी फळी टाकून उतरवण्याची पद्धत आहे. ती फळी अरुंद आणि निसरडी असते, म्हणून सॅकचा कमरेचा पट्टा सोडून मगच तिच्यावर पाय ठेवावा, म्हणजे पाण्यात पडल्यास सॅक पटकन दूर करता येते. पाणी उतरल्यावर जुन्या बांधांच्या आणि घरांच्या चौथऱ्यांच्या रेषा उघड्या पडतात, ठिकठिकाणी जुन्या झाडांचे खुंट वर येतात. लाँचवाले या खुंटांच्या जागा अचूक ओळखतात आणि त्यांना वळसा घालून नेतात. पाण्याखालच्या जमिनीची इतकी बारीक आठवण पाहिली की मन भरून येते, कारण यांच्यापैकी पुष्कळांच्या आजोबांची शेते त्याच पाण्याखाली आहेत.

सुरक्षिततेच्या बाबतीत माझे मत संमिश्र आहे. चालकांचे कौशल्य वादातीत आहे. उन्हाळ्याच्या दुपारी वारा सुटला की रुंद पात्रात लाटा उठतात, तेव्हा ते काठाच्या आडोशाने जातात किंवा सरळ थांबतात, आणि कोणी घाई केली तरी ऐकत नाहीत. लाइफ जॅकेटांची स्थिती मात्र सर्वत्र सारखी नव्हती. एका ठिकाणी ती नवी आणि प्रत्येकाला पुरतील इतकी होती. दुसऱ्या ठिकाणी पुष्कळांचे पट्टे तुटलेले होते आणि ती बाकाखाली कोंबून ठेवलेली होती. प्रवाशाने लाजू नये, स्वतः एक चांगले जॅकेट मागून घ्यावे आणि ते घालूनच बसावे. प्रवासी लाँचमध्ये गावकरी ते घालत नाहीत म्हणून आपणही घालू नये, हा विचार योग्य नाही; त्यांचे सारे आयुष्य या पाण्याशी जोडलेले आहे, आपले तसे नाही. लाँच प्रमाणाबाहेर भरलेली दिसली तर पुढच्या फेरीसाठी थांबावे. पावसाळ्यात तर एकट्या प्रवाशाने या जलाशयाच्या वाटेला जाऊच नये. महाबळेश्वरच्या परिसरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो. तेव्हा धुके, वारा आणि ओढ्यांना येणारे पाणी यांपुढे कोणाचेही कौशल्य पुरे पडत नाही, आणि रानात जळवा तर इतक्या असतात की बसायला जागा मिळत नाही.

मुक्कामाविषयी थोडक्यात सांगायचे तर बामणोली आणि तापोळा येथे घरगुती राहण्याची सोय, कृषी पर्यटनाची ठिकाणे आणि जेवण मिळते. तेथील नाचणीची भाकरी आणि माशाचे कालवण दिवसभर चाललेल्या माणसाला पुरेपूर तृप्त करते. काठावर कोठेही तंबू ठोकण्याचा मोह टाळावा. अभयारण्याच्या हद्दीत त्याला परवानगी नाही आणि गवे, अस्वले, बिबटे रात्री पाण्यावर येतात. ज्या गावात लाँच थांबते त्या गावात सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना भेटून देवळाच्या ओसरीवर झोपण्याची परवानगी मागावी. ती नाकारल्याचे मी पाहिलेले नाही.

एकंदर, ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतच्या काळात, हाताशी एक दिवस अधिक ठेवून आणि लाँचच्या वेळेला आपला वेग जुळवून घेण्याची तयारी असेल तर सातारा जिल्ह्यात एकट्याने चालण्यासाठी याहून चांगली सोय मला माहीत नाही. ज्यांना आपण ठरवलेल्या तासाला, ठरवलेल्या ठिकाणी पोचलेच पाहिजे, त्यांनी गट जमवून संपूर्ण बोट ठरवावी. एकट्याने प्रवासी लाँचच्या भरवशावर असा बेत आखू नये. कांदाटी खोऱ्याकडे निघणाऱ्यांनी साताऱ्यातच सुटे पैसे घ्यावेत, कारण पलीकडे एटीएम नाही आणि संपर्क नसल्यामुळे मोबाईलवरून पैसे देणेही जमत नाही. आपले नाव, घरचा क्रमांक, जाण्याची वाट आणि परतण्याचा दिवस एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून तो लाँचवाल्यांच्या हाती द्यावा, आणि परतल्यावर त्यांना प्रत्यक्ष भेटून किंवा संपर्क मिळताच दूरध्वनी करून आपण सुखरूप पोचल्याचे कळवावे.